रिकामीच आहे

आजऱ्याजवळच्या आमच्या गावात खंडेनवमीला पाटावर विळे, कोयते, कुऱ्हाड, काकांचं पान्यांचं खोकं आणि सगळ्यांच्या मधोमध आजोबांची एकनळी बारा बोअर मांडली जायची. पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक. उसात रानडुकरं शिरायची, कधी गवे. आजोबांनी ती आयुष्यात किती वेळा उडवली असेल, हाताच्या बोटांवर मोजता येईल. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची, तेवढाच तिचा प्रवास. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं की आम्ही पोरं तिच्यावर तुटून पडायचो. फोटो काढायचा म्हणजे एकानं बंदूक दुसऱ्याच्या छातीवर धरायची आणि दुसऱ्यानं हात वर करायचे. मोठी माणसं तिथंच बसलेली असत. एखादी आजी कुरकुरली की कोणीतरी म्हणायचं, "असू दे गं, रिकामीच आहे."

त्याच घरात माजघराच्या तक्तपोशीला मूठ जाईल एवढं भोक होतं. ते कसं पडलं याच्या दोन कथा होत्या, एक काकांची आणि एक काकूंची. दोन्हींत एकच वाक्य सारखं होतं: रिकामीच होती.

हे सगळं मी तीस वर्षं विसरून गेले होते. आठवलं ते ॲरिझोनात, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, एका टपरीवजा वर्गात, पत्र्याच्या छपराखाली बसलेली असताना.

तिथं पोचले कशी, ते थोडक्यात सांगते. आम्ही फीनिक्सजवळ चँडलरला राहतो. आमच्या गल्लीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या आणि नवऱ्यानं पिस्तूल आणलं. ग्रीन कार्ड असलेल्याला इथं ते घेता येतं. दुकानात एक सरकारी फॉर्म भरायचा, ते संगणकावर तुमची पूर्वपीठिका तपासतात, झालं. 2010 पासून या राज्यात ते लपवून बाळगायलाही परवाना लागत नाही. शिकून आलात का, असं कोणी विचारत नाही. आजोबांच्या त्या एकनळीसाठी तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत किती चपला झिजल्या होत्या ते मला ऐकून माहीत. इथं नवरा दुपारी गेला आणि चहाला पिस्तूल घेऊन परत आला. मी ते खोकं उघडूनसुद्धा बघितलं नाही. घरात सोळा वर्षांचा मुलगा. मी म्हटलं, "एक तर हे परत जाईल, नाहीतर मी शिकेन. घरात एक वस्तू आहे आणि मला तिची भीती वाटते, असं चालणार नाही." नवऱ्याला वाटलं मी परत जाण्याचाच मार्ग निवडीन.

वर्ग दोन शनिवार-रविवारचा होता. आम्ही सात जण. शिकवणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, उन्हानं खारकेसारखे झालेले. मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणायला लागले, इथंही तेच म्हणते. त्यांच्या कमरेला जुन्या धाटणीचं, जाड गोळीचं पंचेचाळीसचं पिस्तूल होतं, घोडा मागे ओढलेला, सुरक्षेचा खटका लावलेला. ते बघूनच माझ्या पोटात गोळा आला. माझ्या वाट्याचं नऊ मिलिमीटरचं, म्हणजे बारीक गोळीचं, बघून त्यांनी किंचित नाक मुरडलं. हे नाक मुरडणंसुद्धा वारशात आलेलं आहे, हे मला नंतर कळलं.

पहिल्या दिवशी सकाळी गोळ्या वर्गात आणायच्याच नव्हत्या. बाहेर एका बाकावर ठेवून यायच्या. मास्तरांनी पिस्तूल हातात घेतलं, स्लाइड, म्हणजे त्याचा वरचा सरकता भाग, मागे अडकवली, आत बघितलं, करंगळी घालून चाचपलं आणि मला दिलं. मी घेतलं.

"तपासा," ते म्हणाले.

"तुम्ही आत्ताच बघितलंत की."

"मी बघितलं. तुम्ही नाही बघितलं."

मग मी बघितलं, करंगळी घातली, आणि शेजारच्या नर्सबाईंना दिलं. त्यांनी बघितलं, करंगळी घातली. असं ते सातही जणांतून फिरून परत आलं आणि मास्तरांनी पुन्हा करंगळी घातली. वीस मिनिटं गेली. भावाला बरोबर घेऊन आलेला एक तरुण कंटाळून जांभया देत होता.

मग त्यांनी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. कर्नलचे चार नियम, एवढंच म्हणाले. सगळ्या बंदुका नेहमी भरलेल्या असतात. जे नष्ट करायची तुमची तयारी नाही, त्याच्यावरून नळी फिरू देऊ नका. नेम बसेपर्यंत बोट चापावर नको. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, ते ओळखा.

मी प्रयोगशाळेत काम करते. नमुन्यावर जे लिहिलंय ते खरं असलं पाहिजे, हा माझा धंदा. मी हात वर केला आणि म्हटलं, पहिला नियम खोटा आहे. आत्ताच सात जणांनी करंगळी घालून बघितलं. ही भरलेली नाही. "भरलेली आहे असं समजा," असं म्हणा.

मास्तर हसले. बहुतेक दर वर्गात कोणीतरी हे विचारत असावं. ते म्हणाले, बरेच जण तसंच शिकवतात, पण कर्नलला ते 'समजा' मान्य नव्हतं. मला शाळेतलं बीजगणित आठवलं. समजा क्ष बरोबर पाच. समजा म्हटलं की मनाच्या एका कोपऱ्याला पक्कं ठाऊक असतं की खरं काहीतरी वेगळंच आहे. तक्तपोशीचं भोक त्या कोपऱ्यातूनच पडलं होतं. काका काही वेडे नव्हते. ते रोज भरलेली आहे असं समजतच असणार. एक दिवस समजायचे राहिले.

हा कर्नल कोण, ते दुपारच्या डब्याच्या वेळी कळलं. जेफ कूपर. जन्म 1920, लॉस एंजेलिस. स्टॅनफर्डला राज्यशास्त्र शिकला, मरीन म्हणून दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये होता, लेफ्टनंट कर्नल झाला. आणि मग, हे मला फार आवडलं, इतिहासाचा मास्तर झाला. शाळेत आणि कॉलेजात शिकवायचा आणि बाजूनं बंदुकांवर लिहायचा. कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर नावाच्या डोंगरातल्या गावात 1950 च्या दशकाच्या शेवटी त्यानं आणि त्याच्या मित्रांनी पिस्तुलाच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली. तेव्हा सगळे एका हातानं, बरेचसे कमरेपासूनच, सिनेमातल्यासारखे उडवायचे. जॅक वीव्हर नावाचा एक डेप्युटी शेरिफ मात्र दोन हातांनी पकडून, डोळ्यांसमोर आणून, नेम धरून मारायला लागला आणि जिंकायला लागला. बाकीचे झटपट चुकत होते, हा जरा सावकाश पण बरोबर मारत होता. कूपरनं ते हेरलं, त्यावर लिहिलं, त्याला पद्धतीचं रूप दिलं. 1976 मध्ये ॲरिझोनातल्या पॉल्डनला शाळा काढली, जी आज गनसाइट म्हणून ओळखली जाते. त्याच वर्षी व्यवहारी नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिचा पहिला अध्यक्ष तोच. 2006 मध्ये पॉल्डनलाच गेला.

आमचे मास्तर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं शिकून आलेले. कर्नलबद्दल बोलताना ते नकळत ताठ बसत. मी मिरजेत लहानपणी दोन वर्षं गाणं शिकले आहे (पुढे काही झालं नाही, ते जाऊ दे). आमच्या बाई आपल्या गुरूंचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायच्या. मास्तरांनी पाळीला हात नाही लावला, पण वळण तेच होतं. ही जागा अशीच घ्यायची, का, तर आमच्याकडे अशीच घेतात.

आणि घराण्यांत होतं तसं इथंही काही टिकलं, काही सुटलं. वीव्हरची ती उभी राहायची ढब, एक हात पुढे ढकलतो, दुसरा मागे ओढतो, डावा कोपर खाली वाकलेला, ती मास्तरांनी आम्हाला शिकवली आणि लगेच सांगून टाकलं की आजचे बरेच शिक्षक दोन्ही हात सरळ पुढे काढायला सांगतात आणि स्पर्धांत तेच चालतं. "तुम्हाला जे जमेल ते करा. पण त्या चार ओळींत बदल नाही." ढब गेली, ओळी राहिल्या. मला वाटतं कर्नलला स्वतःला ढबीचा अभिमान जास्त असावा. पण मागं काय उरावं हे उस्तादाच्या हातात नसतं.

माणूस म्हणून तो मला झेपला असता असं नाही. नंतर मी त्याचं काही लेखन शोधून वाचलं. भाषा धारदार, मराठीत आपण ज्याला ठसकेबाज म्हणतो तशी. शब्द घडवायची हौस. बंदुकीची अवाजवी भीती बाळगणाऱ्यांसाठी त्यानं 1962 मध्ये ग्रीक धातूवरून एक शब्दच तयार केला. पण राजकीय मतं कडवी, आणि इतर समाजांबद्दल काही ठिकाणी असं लिहिलेलं की पुढचं पान उलटावंसं वाटेना. त्याच्या टेबलावर माझ्यासारखीला चहा मिळाला असता का, हा प्रश्न मला पडला आणि मी तो मास्तरांना विचारलाही. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नियम तुमच्या बोटासाठी आहेत. मतं घरी न्यायची सक्ती नाही."

दुपारी गोळ्या आत आल्या आणि माझी खरी फजिती सुरू झाली. पहिली भानगड चष्म्याची. पिस्तुलाला मागे खाच असते आणि पुढे एक छोटा उभा दाणा. आजोबा त्याला माशी म्हणायचे. नजर लक्ष्यावर नाही, त्या माशीवर रोखायची. लक्ष्य पुसट दिसलं तरी चालेल, माशी स्वच्छ दिसली पाहिजे. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. हातभर अंतरावरचं स्वच्छ दिसायचं तर काचेच्या खालच्या भागातून बघायला हवं, म्हणजे हनुवटी वर. मी कोंबडीसारखी मान वर-खाली करत होते. हनुवटी वर केली की माशी सापडायची, पण तोवर हात थकून खाली यायचे. शेवटी मास्तरांनी विचारलं, संगणकावर काम करताना वेगळा चष्मा आहे का? होता, पर्समध्ये. तो लावला आणि माशी एकदम मोहरीच्या दाण्यासारखी टच्च दिसली. समोरचा कागद धुक्यात गेला. पुढच्या पाच गोळ्या पहिल्यांदाच कागदाला लागल्या.

दुसरी भानगड दचकण्याची. चाप हळूहळू, एकसारखा दाबत जायचा. कधी उडेल ते आपल्यालाच कळता कामा नये. ज्या क्षणी मन म्हणतं "आता!" त्या क्षणी हात आधीच दचकतो आणि नळी खाली जाते. मी म्हटलं, मी नाही दचकत. मास्तरांनी माझं मॅगझिन घेतलं, पाठ वळवून भरलं आणि परत दिलं. त्यात खऱ्या गोळ्यांमध्ये एक-दोन लाल प्लॅस्टिकच्या खोट्या घातल्या होत्या, कुठं ते मला माहीत नाही. पहिली उडाली. दुसरी उडाली. तिसऱ्या वेळी नुसता 'खट' आवाज आला, आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं की पिस्तुलाचं तोंड चांगलं चार बोटं खाली गचकलं. आवाज नाही, धक्का नाही, काहीच नाही, तरी हात घाबरून मोकळा. शेजारचा जांभया देणारा तरुण खो खो हसला. मग त्याच्या पिस्तुलात लाल गोळी आली आणि त्याची नळी जवळजवळ त्याच्या बुटांकडे गेली. त्यानंतर तो नीट ऐकायला लागला.

पण जी गोष्ट सांगण्यासाठी मी हे लिहायला बसले, ती दुसऱ्या शनिवारची. तोवर मला जरा आत्मविश्वास आला होता. पाच गोळ्या मारल्या, पाचही ताटलीएवढ्या वर्तुळात. इतका आनंद झाला की मी विचारायला वळले, "हे बघितलंत का?" वळले म्हणजे आख्खी वळले. हातासकट.

माझं मनगट एकदम वर गेलं. मास्तरांनी ते खालून पकडून आभाळाकडे धरलं होतं. म्हाताऱ्या हाताला इतकं बळ असेल असं वाटलं नव्हतं. ते ओरडले नाहीत. दुसऱ्या हातानं त्यांनी रांग थांबवली, पिस्तूल माझ्या हातातून काढून घेतलं, तपासलं. पाच मारल्या होत्या, पाचच भरल्या होत्या, स्लाइड मागे अडकलेली होती. ते रिकामंच होतं.

आणि माझ्या तोंडातून ते बाहेर पडलं. मराठीतच. "रिकामंच आहे हो."

त्यांना शब्द कळला नाही, अर्थ कळला असावा. त्यांनी मला सावलीतल्या बाकावर बसायला सांगितलं. तिथून मी नळीची वाट डोळ्यांनी मोजली. लक्ष्यापासून निघाली, नर्सबाईंच्या खांद्यावरून गेली, पाण्याच्या पिंपावरून, मास्तरांच्या पोटापर्यंत पोचली. नर्सबाईंना दोन मुली होत्या, डब्याच्या वेळी त्यांनी फोटो दाखवले होते. दहा मिनिटांनी मास्तर येऊन शेजारी बसले आणि म्हणाले, "तुमचं बोट कुठं होतं?"

मला आठवेना. खरंच आठवेना.

"सरळ होतं," ते म्हणाले. "बाहेर, स्लाइडला टेकलेलं. मी पहिल्यांदा तेच बघितलं. दुसरा नियम मोडलात, तिसरा पाळलात. म्हणून ते चार आहेत."

घरी गाडी चालवत जाताना मी रेडिओ लावला नाही. कर्नलनं माणसाच्या सावधपणाला रंग दिले आहेत. पांढरा म्हणजे बेसावध, पिवळा म्हणजे निवांत पण जागा, नारिंगी म्हणजे अमुक एका गोष्टीवर लक्ष गेलेलं, तांबडा म्हणजे लढायला मनानं तयार. बरेच लोक याला बाहेरच्या धोक्याची पायरी समजतात. तसं नाही, ते आपल्या डोक्याचं माप आहे. मी त्या दिवशी पाच गोळ्या लागल्यावर सरळ पांढऱ्यात गेले होते, हातात पिस्तूल धरून.

त्या रात्री नवऱ्यानं कपाटातून खोकं काढलं, आपलं पिस्तूल मला दाखवायला. मुलगा सोफ्यावर. नवऱ्यानं ते बाहेर काढलं आणि मूठ बघायला इकडून तिकडं फिरवलं. मी म्हटलं, खाली ठेव. "अगं, रिकामंच—" तो म्हणाला. त्याचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुलगा उठून स्वतःच्या खोलीत गेला. पुढच्या महिन्यात नवराही त्याच मास्तरांकडे जाऊन आला. परत आल्यावर त्यानं भिंतीत पक्की बसवायची तिजोरी आणली आणि फळ्यावरच्या चार ओळी तिच्या दाराला आतून चिकटवल्या. मी काही बोलले नाही.

पिस्तूल मी आता वर्षातून तीन-चारदाच हातात घेते. पण बोट? भिंतीला भोक पाडायचं ड्रिल हातात घेतलं की तर्जनी सरळ. काच पुसायच्या फवाऱ्याची बाटली धरली की सरळ. पेट्रोल पंपावर नळी गाडीत बसेपर्यंत सरळ. जुने सिनेमे बघवत नाहीत, सगळ्या नायकांची बोटं चापावर गुंडाळलेली. नव्यांमध्ये नट बोट बाहेर ठेवतात. कोणीतरी त्यांना शिकवलेलं असतं, त्याला आणखी कोणी, आणि मागे जात राहिलं की बहुतेक वेळा ती वाट पॉल्डनला पोचते. एकदा पुण्याच्या पाहुण्यांना ग्रँड कॅन्यनला नेताना मी मुद्दाम 89 नंबरच्या रस्त्यानं गेले. पॉल्डन आलं कधी आणि गेलं कधी कळलं नाही. जुनिपरची झुडपं, पिवळं गवत, लांब एखादं घर. पाहुण्यांनी विचारलं, इथं काय आहे? मी म्हटलं, एका मास्तरांचं गाव.

परवाच्या खंडेनवमीला चुलतभावानं गावाहून व्हिडिओ कॉल केला. तिकडं सकाळचे दहा, इकडं आदल्या रात्रीचे साडेनऊ. पाट मांडलेला, झेंडूचा हार, तीच एकनळी, परवाना आता भावाच्या नावावर. त्याचा बारा वर्षांचा मुलगा मला दाखवायला ती उचलून कॅमेऱ्यासमोर आला आणि माझ्या पडद्यावर एक काळं गोल भोक पसरलं. मी खुर्चीवरून बाजूला झाले. चँडलरला, स्वयंपाकघरात, रात्री.

"आत्या, कुठं गेलीस? दिसत नाहीस."

"आधी नळी फिरव."

"अगं रिकामीच आहे."

"असू दे. बोट बाहेर काढ आणि भिंतीकडं फिरव."

त्यानं फिरवली. मी हळूच डोकं पुढं केलं. ती माजघराची मागची भिंत होती, मला ओळखीची, कच्च्या विटांची.

"बाळा, त्या भिंतीमागं काय आहे रे आता?"

तो थोडा थांबला. "गोठा."

"गोठ्यात?"

"म्हस हाय की," मागून भाऊ म्हणाला, आणि पुढं येऊन त्यानं पोराच्या हातातली बंदूक घेतली, मधून मोडून उघडली आणि नळीत करंगळी घातली.